तात्पर्य शेवटी: वेगवेगळ्या इयत्तांना बायबल शिकवण्याचा क्रम

नववीचा वर्ग. ‘आज आपण दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत घेऊ’ एवढं म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून उत्तर येतं: ‘गरजूंना मदत करावी.’ पुस्तक अजून उघडलेलंही नसतं. (येशूने सांगितलेल्या या गोष्टीत वाटेवर लुटून टाकलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवक, पाहून टाळतात; यहुद्यांचं ज्यांच्याशी पटत नसे अशा लोकांपैकी एक शोमरोनी मात्र थांबून मदत करतो.) मुलाचं काही चुकलेलं नाही. दुसरीत त्याला हेच सांगितलं, पाचवीत हेच, सातवीत यावर नाटुकलं बसवलं. या उताऱ्यात आपल्यासाठी आता काही उरलेलं नाही असं त्याला वाटतं, आणि आपण ज्या रीतीने शिकवलं ती पाहता खरंच उरलेलं नसतं.

कॅथलिक शाळांतल्या धर्मशिक्षणाच्या तासिका मी पाहिल्या, स्वतःही बऱ्याच वाया घालवल्या. बिघाड बहुतेक वेळा क्रमात असतो. बोधकथांच्या सवयीने आपण आधी तात्पर्य ठरवतो आणि मग उतारा त्याच्यामागून ओढत आणतो. खालचे टप्पे उलट्या दिशेने जातात. ते याच क्रमाने घ्या.

## सुरुवातीआधी: वर्गात कोण बसलं आहे?

कॅथलिक शाळेत सगळी मुलं कॅथलिक नसतात. जी असतात त्यांतली काही दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातात, काहींचा चर्चशी संबंध बाप्तिस्म्यापुरताच. म्हणून शाळेतलं धर्मशिक्षण आणि धर्मग्रामातलं, म्हणजे स्थानिक चर्चमधलं, श्रद्धाशिक्षण एकच समजू नका. दोन्ही वेगळी पण परस्परपूरक आहेत, असं व्हॅटिकनच्या १९९७ च्या निर्देशिकेने स्पष्ट सांगितलं आहे. वर्गात याचा अर्थ साधा आहे. ‘आपण सगळे मानतो’ ऐवजी ‘ख्रिस्ती लोक मानतात’ किंवा ‘चर्चची शिकवण अशी आहे’ असं म्हणा. श्रद्धाळू मुलाचं त्यात काही जात नाही आणि शेजारच्या मुलाला खोटं बोलावं लागत नाही.

## टप्पा १: शाळाभराचा तक्ता

एकट्या वर्गशिक्षकाने हे काम करू नये. सगळ्या इयत्तांचे धर्मशिक्षक एका टेबलाभोवती बसवा. मोठा कागद घ्या. डाव्या कडेला उतारे, वर इयत्ता. प्रत्येकाने मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय शिकवलं तेवढंच भरायचं. अभ्यासक्रमात काय छापलं आहे ते नको.

साधारणपणे तीन गोष्टी दिसतात. उधळा पुत्र, जक्कय आणि दयाळू शोमरोनी जवळजवळ प्रत्येक रकान्यात असतात. जुना करार नोहा, मोशे आणि दावीद-गल्याथ यांच्यावर येऊन थांबलेला असतो. कॅथलिक बायबलच्या ७३ पुस्तकांपैकी ४६ जुन्या करारातली आहेत, पण संदेष्टे आणि ज्ञानसाहित्य (नीतिसूत्रं, ईयोब यांसारखी पुस्तकं) यांचे रकाने रिकामे. तिसरी गोष्ट म्हणजे पौलाची पत्रं: कुठेच नाहीत.

आता नियम लावा. एखादा उतारा दुसऱ्या इयत्तेत पुन्हा यायला हरकत नाही, पण नवा प्रश्न घेऊन आला पाहिजे. तो प्रश्न रकान्यातच लिहा. लिहिता आला नाही तर तिथला उतारा खोडा.

सावधान: तक्ता रविवारच्या वाचनांना घट्ट बांधू नका. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. येशूच्या जीवनाविषयीच्या पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक. शिवाय उपासनेचं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, सुरू होतं. शाळेचं वर्ष त्याला विचारून सुरू होत नाही. यंदा तिसरीला मिळालेला उतारा अशाने पुढच्या वर्षीच्या तिसरीला मिळतच नाही. आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा), पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा) एवढे सांधे जुळवा आणि बाकी मोकळं सोडा.

## टप्पा २: शिक्षकाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वर्गातल्या ४० मिनिटांची तासिका सुधारायची असेल तर तयारीची ४० मिनिटं लागतातच.

पुस्तक तपासा. अनुक्रमणिकेत तोबित, यहुदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, शलमोनाचं ज्ञान, सिराख आणि बारूख आहेत का? नसतील तर ती कॅथलिक आवृत्ती नव्हे. एक मूल एक आवृत्ती उघडून बसलं आहे, दुसरं दुसरी, आणि तुम्ही सांगितलेलं पुस्तक अर्ध्या वर्गाला सापडत नाही, अशी तासिका तिथेच संपते. स्तोत्रांच्या क्रमांकांचाही घोटाळा होतो: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे हिब्रू क्रमाने २३ वं, तर ग्रीक-लॅटिन परंपरेच्या क्रमाने २२ वं स्तोत्र. आदल्या दिवशी पाहून ठेवा.

आठवणीतून लिहा, मग वाचा. उतारा उघडण्याआधी तो तुम्हाला जसा आठवतो तसा कागदावर उतरवा. मग मूळ वाचा आणि जे मुळात नाही त्याखाली रेघ मारा. हा सराव मी प्रत्येक नव्या शिक्षकाला देते, आणि बहुतेकांचे कान लाल होतात. ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत तर हटकून. मत्तयामध्ये पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, येतात; ते राजे आहेत असं तो म्हणत नाही, तीन आहेत असंही नाही, भेटी तेवढ्या तीन. ते येतात ते घरात. लूककडे मेंढपाळ आणि गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. एदेन बागेत फळ आहे, सफरचंद नाही. योनाला गिळतो तो मोठा मासा, देवमासा म्हटलेलं नाही. मग्दालिया मारिया वेश्या होती असं चारही शुभवर्तमानांत कुठेही लिहिलेलं नाही.

ही नुसती बारकाव्यांची हौस नव्हे. दुसरीच्या मुलांना मी एकदा मुकुटवाल्या तीन राजांचं चित्र रंगवायला दिलं होतं. त्याच मुलांपैकी एकीने आठवीत मत्तय २ वाचून विचारलं, ‘टीचर, राजे कुठे आहेत?’ मी समजावलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘मग बाकीचं काय काय नाहीये?’ तेव्हापासून तयारीची एकच कसोटी ठेवली आहे: पुढे मागे घ्यावं लागेल असं काहीही लहानांना शिकवायचं नाही. थोडं सांगा, सोपं सांगा, पण खोडावं लागणारं सांगू नका.

मागचं-पुढचं वाचा. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. उत्पत्तीचा पहिला निर्मितीवृत्तांत अध्याय १ मध्ये संपत नाही, तो २:४ च्या मध्यावर संपतो. उधळ्या पुत्राचा दृष्टांत लूक १५:११ ला सुरू होतो, पण तो कुणाला सांगितला हे १५:१-२ मध्ये आहे: जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांना. ती दोन वचनं गाळली की परत आलेल्या पुत्राचं स्वागत पाहून रागावणारा थोरला भाऊ गोष्टीत कशाला आहे हेच कळत नाही.

साहित्यप्रकार ठरवा. गीत आहे, दृष्टांत आहे, वंशावळ, पत्र, कायदा की दर्शन? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रकट केलेल्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजाचा १२ वा परिच्छेद हेच मागतो: लेखकाला काय म्हणायचं होतं ते शोधताना साहित्यप्रकाराकडे लक्ष द्या. शिक्षकांना पूर्ण दस्तऐवज वाचायला वेळ नसेल तर निदान तो परिच्छेद वाचाच.

तपासा: आता पुस्तक मिटा. उताऱ्यात कोण, कुठे, कुणाशी बोलतं आणि शेवटी काय बदलतं हे चार वाक्यांत सांगता येतं का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: उतारा छाटणं

लहानांसाठी मजकूर कमी करावा लागतो. कमी करा, पण बदलू नका. १९७३ ची मुलांच्या मिस्साविषयीची निर्देशिका उपासनेसाठी आहे, तरी तिची शिस्त वर्गातही उपयोगी पडते: अर्थाला धक्का न लावता वचनं गाळता येतात, मात्र स्वतःच्या शब्दांत फिरवलेला मजकूर शास्त्रवचनाच्या जागी वाचणं टाळावं. गोष्ट तुमच्या भाषेत सांगायची असेल तर सांगा, पण त्याच तासिकेत निदान दोन-तीन मूळ वचनं पुस्तक हातात धरून वाचा. ‘ही मी सांगितलेली गोष्ट’ आणि ‘हे पुस्तकात लिहिलेलं’ यांतला फरक पाच वर्षांच्या मुलालाही हातातल्या पुस्तकावरून कळतो.

काही उतारे छाटूनही लहानांचे होत नाहीत. इसहाकाचं अर्पण (उत्पत्ती २२) सात वर्षांच्या मुलाला सांगितलं तर त्याला अब्राहामाची श्रद्धा ऐकू येत नाही, बापाच्या हातातला सुरा दिसतो. नोहाचंही मला तसंच वाटतं. प्राण्यांच्या रंगीत जोड्यांमुळे तो लहानांचा समजला जातो, पण गोष्ट सगळी सृष्टी बुडण्याची आहे. तो मी दहा वर्षांच्या पुढे ढकलते. सहकारी अजून भांडतात.

## टप्पा ४: तासिकेतला क्रम

१. वाचन, ५ मिनिटं. मोठ्याने, एकदा शिक्षकाने, एकदा मुलांनी. सराव न केलेल्या मुलाला अचानक उभं करू नका. अडखळत वाचलेला उतारा वर्ग ऐकत नाही.

२. काय दिसतं, १० मिनिटं. फक्त मजकुरातलं. कोण आहे, काय करतं, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, कोण गप्प आहे. अर्थ कुणी सांगू लागलं तर ‘थांब, तो फळ्याच्या कोपऱ्यात ठेवू’ म्हणून खरंच कोपऱ्यात लिहा.

३. काय कळत नाही, १० मिनिटं. मुलांचे प्रश्न फळ्यावर. पार्श्वभूमी इथे द्यायची, आधी नाही. प्रश्न पडण्याआधी दिलेली माहिती वहीत जाते, डोक्यात जात नाही.

४. लेखक काय सांगतो, १० मिनिटं. आता कोपऱ्यातलं उत्तर काढा. उतारा त्याला दुजोरा देतो का, की आणखी काही म्हणतो?

५. आपल्याशी काय, ५ मिनिटं. इथे मौनही चालतं.

हमखास होणारी चूक: दुसऱ्याच मिनिटाला ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न. हुशार मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात, बाकीची सुटकेचा श्वास सोडतात आणि उरलेली ३५ मिनिटं तुम्ही भाषण करता.

## टप्पा ५: तोच उतारा, चार वयांना

लूक १०:२५-३७ घेऊन दाखवते.

५ ते ७ वर्षं. फक्त दृष्टांत, ३०-३५. जमिनीवर एक लांब पट्टी अंथरा, ती वाट. माणसं एकेक करून चालवा. ‘पाहून’ हा शब्द तिघांच्याही वेळी येतो. मुलांना तो पकडू द्या. तिघांनीही पाहिलं, मग फरक कुठे पडला? एवढंच. शोमरोनी कोण हे सांगायची घाई नको, ‘दुसऱ्या गावचा, ज्याच्याशी यांचं पटत नव्हतं असा’ पुरेसं.

८ ते १० वर्षं. वाट खरी करा. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली; साधारण हजार मीटरचा ओसाड उतार. म्हणून ‘खाली जात होता’. मग शोमरोन्याच्या कृती मोजायला सांगा: जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले, आणि परत येईन म्हणाला. मत्तय २०:२ मध्ये दीनार ही एका दिवसाची मजुरी आहे. हे गणित मुलं स्वतः करतात आणि मग ‘मदत’ हा शब्द त्यांना स्वस्त वाटत नाही.

११ ते १३ वर्षं. आता चौकट, म्हणजे दृष्टांत ज्या संभाषणात सांगितला ते संभाषण, आत घ्या, वचन २५ पासून. येशूला विचारणाऱ्या शास्त्र्याचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराचा, प्रश्न लिहा: ‘माझा शेजारी कोण?’ येशूचा प्रश्न त्याखाली लिहा: ‘तिघांपैकी शेजारी कोण ठरला?’ दोन्ही वाक्यांत ‘शेजारी’ कुठे सरकला ते मुलांनी बाणाने दाखवायचं. पहिल्यात शेजारी म्हणजे ज्याला मदत करायची तो, दुसऱ्यात जो मदत करतो तो. मग ३७ वं वचन: शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही, ‘ज्याने दया केली तो’ म्हणतो. का? हा प्रश्न टाकून गप्प बसा. एक अख्खी तासिका यावर गेली तरी चालेल.

१४ ते १६ वर्षं. तुलना. लूक ९:५२-५३ मध्ये शोमरोन्यांच्याच एका गावाने येशूला थारा दिलेला नाही. एकाच अध्यायानंतर तो शोमरोन्याला नायक करतो. मार्क १२:२८-३४ मध्ये देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येशू सांगतो, लूककडे शास्त्र्याच्याच तोंडून येते. त्या आज्ञेचे दोन तुकडे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ ६:५ आणि ‘लेवीय’ १९:१८ मधून शोधून काढायला लावा, आणि तिथेच थोडं पुढे लेवीय १९:३४ वाचायला लावा, जिथे परक्यावरही स्वतःसारखीच प्रीती करायला सांगितलं आहे.

सावधान: याच उताऱ्यात ‘यहुदी कठोर, येशू प्रेमळ’ असं चित्र नकळत तयार होतं. ‘याजक मंदिरसेवेसाठी शुद्ध राहायला टाळून गेला’ हे लाडकं स्पष्टीकरणही मजकुराला धरून नाही: ३१ वं वचन म्हणतं, तो त्या वाटेने खालीच जात होता, म्हणजे यरुशलेमपासून दूर. आज्ञा यहुदी धर्मशास्त्रातली आहे, ती सांगणारा शास्त्री यहुदी आहे आणि येशूही यहुदी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्याच २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजाने यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून रंगवू नये असं बजावलं आहे. परुशी (येशूशी वाद घालणारा यहुदी पंथ) आणि येशूच्या दुःखसहनाचे उतारे शिकवताना हे आदल्या रात्री स्वतःला पुन्हा सांगा.

## टप्पा ६: ‘हे खरंच घडलं का?’

हा प्रश्न येणार. दहाव्या वर्षी कुतूहलाने येतो, चौदाव्या वर्षी आव्हान म्हणून. दोन उत्तरं टाळा: ‘ही नुसती गोष्ट आहे’ आणि ‘विश्वास असेल तर असं विचारत नाहीत’.

उत्पत्तीसाठी मुलांनाच दोन रकाने करू द्या. पहिल्या वृत्तांतात आधी वनस्पती आणि प्राणी, माणूस शेवटी; सूर्य चौथ्या दिवशी, प्रकाश मात्र पहिल्याच दिवशी. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग प्राणी. संकलन करणाऱ्यांना हा फरक दिसला नसेल का? दिसला असणारच, तरी त्यांनी दोन्ही ठेवले. म्हणजे घटनांचं वेळापत्रक देणं हा त्यांचा हेतू नव्हता. मग काय होता, हा खरा धडा. १९९३ मध्ये परमधर्मपीठाच्या बायबल आयोगाने अक्षरशः अर्थाला चिकटणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनावर कडक टीका केली आहे, त्यामुळे ‘फादर रागावतील’ या भीतीला कारण नाही.

पण या उत्तराचा सरसकट साचा करू नका. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि येशूचं क्रुसावरचं मरण हे एकाच प्रकारचं लेखन नाही. शुभवर्तमानांसाठी मोठ्या वर्गांना तीन पायऱ्या द्या, ‘देई वेर्बुम’च्या १९ व्या परिच्छेदातल्या: येशूने केलं आणि शिकवलं, प्रेषितांनी पुनरुत्थानानंतर अधिक समजून ते सांगितलं, शुभवर्तमानकारांनी निवड करून, आपापल्या समुदायांचा विचार करून लिहिलं. चार शुभवर्तमानांत फरक का, हे यातून सुटतं.

आणि उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. पुढच्या तासिकेला मात्र घेऊन या.

## टप्पा ७: प्रार्थना आणि गुण

दोन्ही वेगळे ठेवा. मोठ्या मुलांबरोबर वाचन, मनन, प्रार्थना, मौन हा जुना चार पायऱ्यांचा क्रम चांगला चालतो, पण त्यावर वहीत काही लिहून घेऊन तपासू नका. सहभाग ऐच्छिक; ज्याला नको त्याने शांत बसावं.

परीक्षेत श्रद्धेला गुण नसतात. ‘देवावर तुझा विश्वास कसा वाढला?’ हा प्रश्न म्हणजे मुलाला खोटं लिहायचं आमंत्रण. त्याऐवजी: ‘लूक १०:२९ आणि १०:३६ यांतला फरक दाखव आणि त्यावरून दृष्टांताचा रोख सांग.’ याचं उत्तर श्रद्धाळू, साशंक आणि अन्य धर्माचं मूल सारख्याच तयारीने देऊ शकतं.

## टप्पा ८: पुढच्या इयत्तेकडे सोपवणं

हा टप्पा सगळे विसरतात, आणि म्हणूनच नववीत ‘गरजूंना मदत करावी’ ऐकू येतं. प्रत्येक उताऱ्यामागे एक पोस्टकार्डाएवढं कार्ड ठेवा आणि वर्षाअखेरीस पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या. त्यावर चारच ओळी: कोणती वचनं वाचली, कोणता प्रश्न घेतला, मुलांचा कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, काय मुद्दाम सांगितलं नाही.

माझ्याकडे आलेलं एक कार्ड असं होतं: ‘लूक १०:३०-३५. पाहणं आणि थांबणं. एकाने विचारलं, लुटारूंचं पुढे काय झालं. गोष्टीत ते नाही एवढंच सांगितलं. शास्त्र्याबद्दल अजून काहीच बोललेलो नाही, तो तुमचा.’